सांगलीची पेठ, चारचं शटर आणि दुसरा डोस : ऑगस्ट २०२१चं एक प्रकरण

२ ऑगस्ट २०२१ला राज्य सरकारनं कोरोनाचे निर्बंध सैल करणारा आदेश काढला. बहुतेक जिल्ह्यांतल्या दुकानांना रात्री आठपर्यंतची मुभा मिळाली. अकरा जिल्हे मात्र जुन्याच तिसऱ्या स्तरात राहिले : कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अहमदनगर, बीड, रायगड आणि पालघर. म्हणजे आमच्याकडे किराणा-भाजी रोज दुपारी चारपर्यंत, बाकीची दुकानं सोमवार ते शुक्रवार चारपर्यंत, आणि शनिवार-रविवार कुलूप.

आदेश आला तेव्हा सांगलीची पेठ पुराचा गाळ काढत होती. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आयर्विन पुलापाशी कृष्णा पन्नास फुटांच्या वर गेली होती. २०१९ला ती ५७ फुटांवर गेली होती. त्यातून सावरलेल्या दुकानांत दोन वर्षांत दुसऱ्यांदा पाणी शिरलं.

मी मिरजेत सामुदायिक वैद्यकशास्त्र शिकवते. लस आणि निर्बंध यांच्यावरचा वाद विद्यार्थ्यांना समजावताना मी अमेरिका-युरोपातली उदाहरणं घेत नाही, हे प्रकरण घेते. कारण इथं लसविरोधक कुणीच नव्हता. भांडणाऱ्यांपैकी निम्म्यांनी लस घेतलेली होती, उरलेले ती मिळावी म्हणून पहाटेपासून रांगेत उभे राहत होते. आणि तरीही यातलीच कितीतरी माणसं पुढच्या वर्षी, १५ जुलै २०२२पासून पंच्याहत्तर दिवस बूस्टर फुकट मिळत असताना, ‘आता नको’ म्हणाली. लसीवर विश्वास असलेल्या माणसाचा विश्वास नेमका कुठं सुटतो, हे या प्रकरणात पावलापावलानं दिसतं.

दुकान

गणपती पेठेच्या अलीकडचं एक कापडाचं दुकान. मालक साठीच्या उंबरठ्यावर. पेठेत सगळे त्यांना काका म्हणतात. भिंतीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ, खालच्या दोन फळ्या फुगलेल्या. भिजलेले तागे माडीवर दोरीला वाळत घातलेले. वाळले की पुराचा माल म्हणून निम्म्या भावात काढायचे. पण गिऱ्हाईक यायचं कधी? नोकरदार पाचनंतर सुटतो, खेड्यावरची माणसं सुट्टीच्या दिवशी येतात, आणि दोन्ही वेळा दुकान बंद. श्रावण तोंडावर आलेला. नागपंचमी १३ ऑगस्टला, राखी २२ला, गणपती १० सप्टेंबरला. कापडवाल्याचं वर्ष या महिनाभरावर चालतं.

पावणेचारला पेठेत एकदम धांदल उडायची. दिवसभराचं गिऱ्हाईक त्याच पंधरा-वीस मिनिटांत आत शिरायचं. चारला शटर अर्धं खाली यायचं. दुकानातला पोरगा बाहेर उभा राहून पालिकेची गाडी येते का बघायचा, आणि आत आठ-दहा बायका साड्या बघत असायच्या. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून पंखा बंद, दिवा एकच, मागचं दार लावलेलं. हा विषाणू हवेत तरंगत राहतो, कोंदट खोलीत तो जास्त वेळ टिकतो, हे तोवर सगळ्या जगाला कळून चुकलं होतं. साथ पसरवण्यासाठी याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती, आणि ती नियम पाळण्याच्या धडपडीतून तयार होत होती. वेळ कमी केली म्हणून गर्दी कमी होत नाही. तेवढीच माणसं कमी तासांत येतात. रात्री आठपर्यंत, दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून, एका वेळी चार गिऱ्हाइकं, असा नियम असता तर तो साथीच्या दृष्टीनं जास्त कडक ठरला असता. हे माझं त्या वेळचं मत होतं आणि आजही आहे.

बैठक

त्याच आठवड्यात व्यापाऱ्यांच्या एका बैठकीला मला बोलावणं आलं. लसीबद्दल दोन शब्द बोला, एवढंच सांगितलं होतं. बोलायला उभी राहिले तेवढ्यात काकांनीच सुरुवात केली.

“मॅडम, तुम्ही लोकांनीच सांगितलं, लस घ्या. घेतली की. दोन्ही घेतल्या. आता सांगा, माझ्यापास्नं कुणाला काय धोका हाय?”

काकांनी पहिला डोस एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घेतला होता, पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांसाठी लसीकरण खुलं झाल्या झाल्या. तेव्हा कोविशिल्डच्या दोन डोसांत सहा ते आठ आठवड्यांचं अंतर सांगितलं जात होतं. त्यांची पाळी जवळ आली आणि १३ मे रोजी अंतर बारा ते सोळा आठवडे झालं. दुसरा डोस जूनअखेरीस मिळाला. त्यांच्या बाजूनं करायचं ते सगळं त्यांनी केलं होतं.

त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर दोन तुकड्यांत आहे, आणि त्या दिवशी मी ते तसंच दिलं. तुमचा स्वतःचा धोका पुष्कळ कमी झालाय. तुमच्यापासून दुसऱ्याला असलेला धोका त्याहून कमी प्रमाणात घटलाय, शून्य झालेला नाही.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं आपल्याच कर्मचाऱ्यांचा दुसऱ्या लाटेतला अनुभव त्याच वर्षी प्रसिद्ध केला होता. दोन डोस घेतलेल्यांना संसर्गापासून संरक्षण ६५ टक्के, दवाखान्यात भरती व्हायची वेळ येण्यापासून ७७ टक्के, ऑक्सिजन लागण्यापासून ९२ आणि अतिदक्षता विभागात जाण्यापासून ९४ टक्के. लस तीच, माणसं तीच, आकडे चार. ‘लस किती टक्के चालते?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं; कशापासून, हे आधी विचारावं लागतं. टीव्हीवर, भाषणांत, फलकांवर मात्र एकच वाक्य होतं : लस घ्या, कोरोनाला हरवा. ऐकणाऱ्यानं त्याचा अर्थ ‘लस घेतली की सुटलो’ असा घेतला, त्यात त्याचा काय दोष? प्रचारानं संसर्गच होणार नाही असं वचन दिलं, लसीनं जीव वाचवला. माणसं वचनाशी ताडून बघत होती.

मागच्या रांगेतून दुसरा प्रश्न आला. आमच्या गल्लीत दोन डोस झालेला माणूस गेला. दवाखान्यात निम्मी माणसं लस घेतलेलीच आहेत म्हणतात. मग?

यावर मी फळा मागवला. उदाहरणापुरते आकडे घेऊ. गावात हजार माणसं, नऊशेंनी लस घेतली, शंभरांनी नाही. न घेतलेल्यांपैकी शंभरात पाच जण अत्यवस्थ होतात असं धरू, म्हणजे पाच. घेतलेल्यांपैकी शंभरात एकच, म्हणजे नऊ. वॉर्डात चौदा खाटा भरल्या, त्यातल्या नऊ लसवाल्या. बाहेरून बघणारा म्हणणार, लसवालेच जास्त. पण लस नसती तर त्या नऊशेंतून पंचेचाळीस आले असते. जितक्या जास्त लोकांना लस, तितके दवाखान्यात लसवाले जास्त दिसणार. सगळ्या गावानं घेतली तर भरती होणारा प्रत्येक जण लसवालाच असेल. व्यापारी माणसाला हा हिशोब समजायला वेळ लागत नाही. एक धान्याचे अडते लगेच म्हणाले, “म्हणजे किती आले ते बघायचं न्हाई, कितीतनं आले ते बघायचं.” माझ्या विद्यार्थ्यांना हे समजायला अख्खं व्याख्यान लागतं.

ज्याच्या गल्लीतला माणूस गेला होता, तो गप्प राहिला. हिशोबानं त्याचं समाधान व्हावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

आकडा कुठला आणि कुणी बघितला

तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड होता. जिल्हा कुठल्या स्तरात, हे कसं ठरतं?

जूनच्या आदेशात पाच स्तर होते. तपासलेल्यांत बाधित निघण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या खाटा पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर. पाच ते दहा टक्के किंवा चाळीस टक्क्यांहून जास्त खाटा भरलेल्या, तर तिसरा. वीस टक्क्यांच्या वर गेलं तर पाचवा. मग २५ जूनला, विषाणूच्या डेल्टा प्लस या नव्या प्रकाराची धास्ती होती तेव्हा, नियम बदलला : कुणालाही तिसऱ्याहून सैल स्तरात जाता येणार नाही, आणि प्रमाण काढताना फक्त आरटीपीसीआर चाचणी धरायची, झटपट होणारी अँटिजेन नाही.

व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं, आमच्याकडं तपासण्या जास्त होतात म्हणून रुग्ण जास्त दिसतात. हे अर्धं खरं होतं. तपासण्या वाढल्या की रुग्णांची संख्या वाढते, पण टक्केवारी सहसा उतरते, कारण धडधाकट माणसंही तपासली जातात. उलट फक्त तापानं फणफणलेल्यांनाच तपासलं तर टक्केवारी फुगते. म्हणजे हा आकडा साथीचा जेवढा, तेवढाच कुणाला तपासलं याचाही. अँटिजेन वगळल्यावर तो पुन्हा वेगळा झाला. साथीच्या शास्त्रात हे सगळं चालतं, आम्ही अशा आकड्यांना दुरुस्त्या करतच वापरतो. पण त्यावर माणसाच्या दुकानाचं कुलूप टांगायचं असेल, तर तो त्याला दिसला पाहिजे.

सांगलीला आकड्याचं वावडं नाही. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा पातळी, पंचेचाळीस म्हणजे धोका पातळी, हे इथं शाळेतल्या पोराला माहीत असतं. कोयनेतून किती क्युसेक सोडले, यावर माणसं रात्री दोनला उठून माल माडीवर चढवतात. कुणी बळजबरी करावी लागत नाही. कारण पुलावर जाऊन पाणी कुणालाही बघता येतं, आणि कितव्या फुटाला आपल्या गल्लीत येतं हे प्रत्येकाला ठाऊक असतं. बाधितांच्या प्रमाणाला असा पूल नव्हता. तो आकडा आठवड्यातून एकदा कागदावर यायचा. कुठल्या तालुक्यामुळं चढला, आपल्या भागात किती, आणखी किती उतरला तर पेठ उघडेल, यातलं काहीच पेठेपर्यंत पोचत नव्हतं.

याच जिल्ह्यात मार्च २०२०मध्ये इस्लामपुरात चार रुग्णांपासून सुरुवात होऊन संख्या पंचवीसच्या आसपास गेली, तेव्हा माणसांनी याच्या कितीतरी पट कडक बंदी सोसली होती. घरोघरी पाहणी झाली, भाग सील झाला, संपर्कातले लोक वेगळे ठेवले आणि साखळी तुटली. बंदीचं कारण तेव्हा नजरेसमोर होतं आणि तिचा शेवटही दिसत होता.

प्रशासनाची बाजू

बैठकीत ही बाजू मांडायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच मांडली, आणि ती दुबळी नव्हती.

डेल्टाविरुद्ध कोविशिल्ड, म्हणजे ॲस्ट्राझेनेकाची लस, किती चालते याचा ब्रिटनमधला अभ्यास जुलै २०२१मध्ये प्रसिद्ध झाला होता. लक्षणं असलेल्या आजारापासून एका डोसनं साधारण ३० टक्के संरक्षण, दोन डोसनी ६७. आमच्या पेठेतल्या कामगारांचं तेव्हा जेमतेम एकेका डोसापर्यंत आलं होतं. तेव्हा ‘लस घेतलेली पेठ’ हे वर्णन मालकांना लागू होतं, गल्ल्यामागं उभ्या राहणाऱ्या पोरांना नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, जून-जुलैमधल्या रक्त-पाहणीत देशात ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, सापडली होती, महाराष्ट्रात ५८. म्हणजे राज्यात दर दहांतले चार अजून कोरे. त्यात पूरग्रस्त निवारा केंद्रांत, नातेवाइकांच्या घरी दाटीवाटीनं राहत होते. तिसऱ्या स्तराचा निर्णय हवेतून आलेला नव्हता.

मला जे पटलं नाही, ते निर्बंधाचं असणं नव्हे, त्याची जात. धोका बंद खोलीत होता आणि बंदी घड्याळावर होती.

पंधरा ऑगस्टची अट

आठवडाभरातच, ११ ऑगस्टला, नवा आदेश आला. १५ ऑगस्टपासून दुकानं रात्री दहापर्यंत उघडी ठेवता येतील. पेठेत पेढे वाटले गेले. मग अट वाचली : दुकानात काम करणाऱ्या सगळ्यांचे दोन डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसाला चौदा दिवस उलटलेले हवेत.

काकांच्या दुकानातला पोरगा चोवीस वर्षांचा. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचं लसीकरण १ मेला सुरू झालं खरं, पण साठा नाही म्हणून राज्यानं ते १२ मेपासून थांबवलं. अठरावरच्या सगळ्यांसाठी ते पुन्हा खुलं झालं २२ जूनला. समजा हा पोरगा पहिल्याच दिवशी पहिल्याच नंबरला उभा राहिला आणि त्याला कोविशिल्ड मिळाली. चौऱ्याऐंशी दिवसांनी, १४ सप्टेंबरला, तो दुसऱ्या डोसाला पात्र होणार. त्यावर चौदा दिवस म्हणजे २८ सप्टेंबर. तोवर राखी गेली, गणपती बसून विसर्जनही झालं. पोरग्यानं आळस केला नव्हता, लसीला भ्यायला नव्हता. सरकारच्या एका नियमानं दुसरा डोस घेऊ दिला नाही आणि दुसऱ्या नियमानं तो नाही म्हणून कामावर येऊ दिलं नाही.

काका माझ्याकडं आले ते हे कॅलेंडर घेऊनच. “आमच्या शेजारच्याचा मुलगा परदेशात शिकायला निघालाय. त्याला अठ्ठावीस दिवसांत दुसरा डोस दिला. मग ह्याला का न्हाई?” ते बरोबर बोलत होते. परदेशी शिकायला, नोकरीला जाणाऱ्यांसाठी केंद्र सरकारनं जूनमध्येच अठ्ठावीस दिवसांनंतरची सवलत दिली होती. अंतर वाढवण्यामागं शास्त्र होतं; जास्त अंतरानं प्रतिपिंडं चांगली तयार होतात असं चाचण्यांत दिसलं होतं. पण डेल्टा गावात असताना एका डोसावर तीन महिने ठेवणं बरोबर की नाही, हाही शास्त्राचाच प्रश्न होता, आणि ब्रिटननं पन्नाशीच्या वरच्यांसाठी मे महिन्यात अंतर बारावरून आठ आठवड्यांवर आणलं होतं. पुरवठा तुटपुंजा आहे, म्हणून जास्तीत जास्त लोकांना आधी एक डोस देतोय, असं कुणी मोकळेपणानं म्हटलं असतं तर पेठेला ते कळलं असतं. टंचाई म्हणजे काय, ते व्यापाऱ्याला शिकवावं लागत नाही.

हे प्रकरण इथं वळलं, असं मला वाटतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लोक निर्बंधांवर चिडलेले होते. तिसऱ्या आठवड्यात ते लसीवर चिडले. लस ही दंडुक्याची मूठ झाली. पोरग्यानं दुसरा डोस घेतला, पण तो कशासाठी म्हणून विचारलं की त्याचं उत्तर होतं, “सर्टिफिकेटसाठी.” छातीत न्यूमोनिया होऊ नये म्हणून नव्हे, घरातल्या म्हातारीसाठी नव्हे. २७ नोव्हेंबरच्या आदेशानं दुकानात जायला, एसटीत बसायला दोन डोस लागू झाले तेव्हा हेच उत्तर सगळीकडून यायला लागलं. आणि ज्या माणसानं सर्टिफिकेटसाठी डोस घेतला, त्याला सर्टिफिकेट नको झाल्यावर बूस्टर कशाला हवा? ३१ मार्च २०२२ला राज्यानं सगळे निर्बंध उठवायचं ठरवलं, दोन दिवसांनी पाडवा होता. त्यानंतर आमच्या केंद्रांवर बूस्टरसाठी येणाऱ्यांत मुख्यतः म्हातारी माणसं आणि परदेशी जाणारे उरले.

२ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं बालरोगतज्ज्ञ जेकब पुलियेल यांच्या लससक्तीविरुद्धच्या याचिकेवर निकाल दिला. कुणालाही लस घ्यायची सक्ती करता येणार नाही. लसीकरणाचं धोरण अवाजवी नाही. पण लस न घेतलेल्यांवर राज्यांनी घातलेली बंधनं प्रमाणात बसत नाहीत, कारण न घेतलेल्याकडून घेतलेल्यापेक्षा जास्त संसर्ग पसरतो असं दाखवणारा पुरेसा आधार न्यायालयापुढं आला नाही. लसीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवा, असंही सांगितलं. हा निकाल मी विद्यार्थ्यांना काकांच्या पहिल्या प्रश्नाशेजारी ठेवून वाचायला लावते.

मे २०२४

ॲस्ट्राझेनेकानं ब्रिटनच्या न्यायालयात रक्ताच्या गुठळ्यांच्या दुर्मीळ दुष्परिणामाची कबुली दिल्याची बातमी आली आणि काकांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, भीती होती. तीन वर्षं झाली, आता काही होईल का?

मी सांगितलं, नाही. तो त्रास झालाच तर डोसानंतरच्या काही आठवड्यांत होतो. आपल्या देशातली नोंद दहा लाख डोसांमागे ०.६१ अशी होती. कोरोना झाल्यावर गुठळी होण्याचा धोका त्याच्या कितीतरी पट मोठा होता. तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दल आयसीएमआरनं ४७ रुग्णालयांतून केलेला अभ्यास २०२३मध्ये आला. त्यात दोन डोस घेतलेल्यांत असा मृत्यू कमी आढळला, जास्त नाही.

“हे ०.६१ तुम्हाला कधी कळलं?”

१७ मे २०२१ला, मी म्हटलं. आरोग्य मंत्रालयानं जाहीरच केलं होतं. वीस दिवसांच्या आत दम लागणं, छातीत दुखणं, हातपाय दुखणं किंवा सुजणं, सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके, थांबत नाही अशी डोकेदुखी, पोटदुखी, असं काही झालं तर लगेच दवाखान्यात जा, अशी यादीही दिली होती.

काका थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “दाराला चारची वेळ चिकटवायला माणूस आला होता, मॅडम. ही यादी चिकटवायला का न्हाई आला?”

त्यानंतर माझे विद्यार्थी ज्या ज्या लसीकरण सत्राला जातात, लस गोवराची असो नाहीतर धनुर्वाताची, तिथं त्या लसीचा एक मराठी कागद प्रत्येकाच्या हातात देतात. वर ती कशापासून किती वाचवते, खाली काय झालं तर किती दिवसांत कुठं जायचं.